पाखरीच्या पाठीवरचं खोगीर

मित्रांनो, चिखलीजवळच्या एका गावात, कडूबाच्या गोठ्यात पडलेलं मी एक जुनं खोगीर आहे. माझ्यावर आता कोंबड्या बसतात. बसोत बापड्या. पाखरी गेल्यापासून दुसरं कोणी माझ्याखाली आलंच नाही.

खामगावच्या एका कारागिरानं लाकडाच्या सांगाड्यावर चामडं ताणून मला घडवलं आणि पोटात लोकर भरली. उगाच भरलेल्या गोष्टीला तुम्ही खोगीरभरती म्हणता. म्हणा. पण ती भरती दबली की लाकूड थेट घोडीच्या पाठीला लागतं, हे म्हणणाऱ्याला कुठं ठाऊक असतं?

पाखरी ही कडूबाची पांढरी घोडी. लग्नसराईत ती नवरदेवाला मारुतीच्या पारावर न्यायची. कडूबा तिच्या पोटाखालून माझा पट्टा, म्हणजे तंग, आवळायचा. मग तिला चार पावलं चालवून पुन्हा आवळायचा, कारण ती लबाड आधी पोट फुगवून ठेवायची. नवरदेव बहुतेक जन्मात पहिल्यांदाच घोडीवर बसणारे. त्यांची शिकवणी तिथंच व्हायची.

"डाव्या अंगानं चढ. पाय या रिकिबीत टाक. लगाम वढू नको, तिच्या तोंडाले लागते. भेव वाटलं तं आयाळ धर. काऊन बे थरथरून राह्यला? खरं भ्याचं तं लगन लागल्यावर!"

घरी आल्यावर मला उतरवून तो तिच्या पाठीवर तळहात फिरवायचा. जरा कुठं गरम लागलं, तर दुसऱ्या दिवशीची वरात रद्द. म्हणायचा, "तिले बोलता येत नाही. मंग हातानंच इचारा लागते."

गेल्या वर्षी कडूबाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि काम त्याच्या मुलाकडे, राजकुमारकडे आलं. तो वाईट नव्हता हो, पण त्याला सदा घाई. माझी लोकर दबली होती. त्यानं ती भरून न घेता खाली गोणपाटाची घडी टाकली. परत आल्यावर अंधारातच मला ओढून काढायचा आणि पाखरीवर झूल टाकायचा.

बाजेवरून कडूबा सांगायचा, "राजकुमार, पाठीवर हात फिरव बे."

"हाव बा, फिरवतो."

त्यानं तो कधी फिरवला नाही. पाखरीची पाठ सोलवटत गेली. माझंच लाकूड तिथं रुतत होतं, आणि मला ओरडता येत नव्हतं. फार वाईट वाटायचं.

शेवटी चिखलीच्या एका लग्नात नवरदेव वर बसला आणि पाखरी कळवळून मागच्या पायांवर उभी राहिली. नवरदेव फेट्यासकट खाली. घोडी खुनशी झाली, असं सगळे म्हणाले. राजकुमारनं त्याच आठवड्यात तिला झुलीसकट परगावच्या एका बँडवाल्याला विकलं. त्याच्याकडे त्याचं खोगीर होतं, म्हणून मी घरीच राहिलो.

कडूबानं मला मांडीवर मागून घेतलं. डावा हात माझ्या खालच्या अंगावरून फिरवला. तिथं वाळलेलं रक्त होतं, त्यात पांढरे केस चिकटले होते.

"घोडी खुनशी नव्हती रे," तो म्हणाला. "दुखून राह्यलं होतं तिले."

सकाळच्या पहिल्या एसटीनं राजकुमार बँडवाल्याकडे गेला. बँडवाल्यानं तिला पुढं विकलं होतं, कोणाला ते त्यालाही धड सांगता येईना.

मित्रांनो, पाखरीच्या पाठीवर आता दुसरं खोगीर असेल, आणि त्याखाली तीच जखम. तिच्या डाव्या कानामागं काळा ठिपका आहे. एखाद्या वरातीत अशी पांढरी घोडी दिसली, तर नाचणं जरा थांबवा. खोगीर उतरवायला सांगा आणि तिच्या पाठीवर हात फिरवा. ती बिचकेल, कदाचित लाथही झाडेल. तिला खुनशी म्हणू नका.