बटण दोनदा दाबा

फरहीनने पुन्हा माइक तोंडाशी धरला. "अब्बा, ऐकू येतंय का? अब्बा?" बटण सोडलं. सेट मुका.

उजनी धरणाच्या फुगवट्याच्या या काठावर पत्र्याची शेड होती. शेडमध्ये सेट आणि बाहेर उंच पाइपावर एरियल. पलीकडचा काठ टेकडीआड, तिथं मोबाइलला रेंज नाही. म्हणून तर लाँचचे मालक हिंदुरावतात्या यांनी समुद्रातल्या बोटींवर असतो तसला वायरलेस परवाना काढून घेतला होता. एक सेट लाँचवर, एक इथं. बारामतीला इलेक्ट्रॉनिक्स शिकून आलेल्या फरहीनने ते दोन्ही स्वतः बसवले होते. लाँच तिचे वडील मुजफ्फर चालवायचे. आज दसरा, म्हणून तात्यांची बायको कौसल्याकाकू भावकीतल्या माणसांना घेऊन पलीकडच्या देवीला गेल्या होत्या.

आणि आत्ताच बावड्याहून करिमाखालाचा फोन आला होता. "वारं लई बेकार हाय गं. गोठ्याचं पत्रं उडालं, केळी झोपली. तुमच्याकडंच सरकतंय."

लाँच परत निघायची वेळ झाली होती. टेकडीमुळं पलीकडून हे आभाळ दिसणार नव्हतं. लाँच निघाली, तर वारं तिला भर पाण्यात गाठणार. रस्त्यानं फिरून निरोप द्यायचा, तर वारंच आधी पोचणार.

"सकाळी तर खणखणीत बोलला की तुझा बाप," शेडच्या दारात उभे असलेले तात्या म्हणाले.

"सकाळी लाँच धक्क्यालाच होती, तात्या. एवढ्या जवळून एरियल बिघडली तरी ऐकू येतं." बोलता बोलता तिचं तिलाच लागलं. चाचणी घेतली होती, पण हाकेच्या अंतरावरून! मग तिला काल आठवला. काल खंडेनवमी, यंत्रं धुऊन पुजायचा दिवस. "लाँच कुणी धुतली?"

"मीच. फवारणीच्या पंपानं. टॅक्टर धुतो तशी, पार टपापतूर. लखलखली का न्हाय?"

"एरियलच्या बुडाला काळी टेप होती..."

"ती व्हय? मळकट दिसत हुती. सोलून काढली. मग हळदीकुंकू लावायचं कुठं? झेंडूचा हारबी तितंच घातलाय."

हसावं की रडावं तिला कळेना. ती रबरी टेप म्हणजे एरियल आणि वायरीच्या जोडाचा रेनकोट होता. जोडात पाणी शिरलं की सेटची ताकद तिथंच मुरते, हवेत जातच नाही.

तिनं हे सांगितल्यावर तात्यांचा चेहरा उतरला. "माझ्याच हातानं... पोरी, कौसल्या हाय त्यात."

"आधी ते निघू नयेत एवढं बघू."

ती शेडमध्ये येरझाऱ्या घालू लागली. पाणी शिरलं तरी जोड पुरता मरत नाही. आपली एरियल धड आहे, ताकद पूर्ण आहे. आपला आवाज त्यांना पुसट का होईना जात असेल. त्यांचा शब्द मात्र येणार नाही. पण शब्दच कशाला हवा?

सेटला एक फिरवायची खुंटी होती. कुणी बोलत नसताना खरखर दाबून ठेवण्यासाठी. तिनं ती पूर्ण उघडली. तापल्या कढईत तळण सोडावं तशी खरखर शेडभर झाली.

"कान फुटायचं की गं!"

"फुटू द्या. तिकडं कुणी बटण दाबलं तर ही जरा बसेल. तेवढंच ऐकायचं."

मग एकेक शब्द तोडत ती माइकमध्ये म्हणाली, "अब्बा, निघू नका. वादळ येतंय. माणसं उतरवा, लाँच घट्ट बांधा. बोलू नका. ऐकू आलं तर बटण दोनदा दाबा. लांब दाबा."

खरखर. बाहेर उसाची पानं उलटी होऊन पांढरी दिसू लागली. तात्यांनी तोंड उघडलं; तिनं हातानंच गप्प केलं. पुन्हा तेच वाक्य.

खरखर बसली. उठली. परत बसली.

"आलं?"

"एवढ्यावर भरवसा नको." तिनं माइक उचलला. "माणसं उतरली की तीनदा."

बराच वेळ गेला. मग एक. दोन. तीन.

पाठोपाठ वारं आदळलं. पत्रा थडथडू लागला. दोघं बाहेर धावले आणि एरियलच्या पाइपाला मिठी मारून उभे राहिले. धुळीनं डोळे मिटलेले, वर पाइप वेतासारखा लवतोय.

वारं ओसरल्यावर ती आत धावली. "सगळे सुखरूप असाल तर दोनदा."

काही नाही. पुन्हा विचारलं. खरखर तशीच.

तात्या भिंतीला टेकून उकिडवे बसले. "फरहीन, खरं सांग."

"खरं मलापण माहीत न्हाय, तात्या."

तेवढ्यात खरखर बसली. एकदा, दोनदा, आणि मग थांबेचना. आखूड, लांब, मधेच पाच-सहा एकदम. फरहीन बोटांवर मोजता मोजता चुकली. एवढ्या बटणांचा अर्थ काय? काही बिघडलंय का?

तात्या आधी नुसतेच ऐकत राहिले. मग ओल्या डोळ्यांनी मोठ्यानं हसले. "मोजू नगं. बटण आमच्या बाईच्या हातात गेलंय. घरची बेलबी अशीच वाजवती!"

फरहीनने माइक उचलला. "काकू, बटण सोडा. बॅटरी जपा. पाणी बसलं की मी सांगते, मगच निघा."

खरखर पुन्हा बसली, उठली, बसली. काकू ऐकायला तयार नव्हत्या.