राजगिऱ्याची पाव किलो

"राजगिऱ्याची हाय का?" कडेवरचं पोर सावरत बाईने विचारलं. पोराने तोवर माझ्या तराजूचं पारडं धरलं होतं.

शनिवार होता. शनिवारी लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानांसमोर गाड्यांची रांग लागते आणि सगळ्यांना शेंगदाण्याची नाहीतर काजूची हवी असते. राजगिऱ्याची आठवणीने मागणारं गिऱ्हाईक माझ्याकडे एकच होतं. माझी बायको, यशोधरा. ती माघात गेली.

सरकारी दवाखान्यातल्या एचआयव्ही तपासणी केंद्रात ती समुपदेशक होती. गरोदर बाईच्या रक्तात एचआयव्ही निघाला, की गोळ्या सुरू व्हायच्या. बाळंतपणानंतर पोरावर लक्ष. दीड महिना, सहा महिने, वर्ष आणि शेवटी अठरा महिने, दर वेळी तपासणी. शेवटची चांगली आली की पोर यादीतून सुटलं. त्या दिवशी यशोधरा दुकानावर यायची. "राजगिऱ्याची पाव किलो. एक सुटलं." राजगिऱ्याचीच, कारण एवढ्याशा दातांना तीच चावते. त्यातली एक वडी ती तिथेच उभ्याने खायची आणि म्हणायची, "गूळ जास्त झालाय." इतक्या वर्षांत मी ते एकदाही कबूल केलं नाही.

पोर कोणाचं, हे तिने कधी सांगितलं नाही. मी दर वेळी विचारायचो. ती म्हणायची, पुण्याच्या ऑफिसला आकडाच जातो, तुम्हालाही आकडाच.

शेवटच्या आजारात तिला एकाच पोराचा घोर होता. श्रावणात त्याचे अठरा महिने भरणार होते. श्रावण लागला तसा मी केंद्रात गेलो. तिच्या जागी आलेल्या सारिकाला म्हटलं, नाव नको, कसं आलं तेवढं सांग. तिने मला चहा पाजला आणि मॅडमनीच असं शिकवलंय काका, म्हणून परत पाठवलं. त्यानंतर तीन आठवडे दुकानावरून जाणाऱ्या प्रत्येक पोराकडे मी टक लावून बघत होतो.

आता मी पाव किलो तोलत होतो आणि काटा काही केल्या स्थिर होईना.

"पोराचं नाव काय ठेवलं?" माझ्या तोंडून गेलंच.

बाई हसायला लागली. "मॅडम बोलल्या व्हत्या. शेवटचा कागद चांगला आला का आमच्या दुकानावर जा, राजगिऱ्याची घे. तितं आमचं ह्ये असत्याल. नाव इचारतील. सांगायचं न्हाई."

मीही हसलो. इतका, की शेजारचा गुलजार दुकानातून उठून बघायला आला. काय झालं, म्हणाला. मी म्हटलं, काही नाही, गिऱ्हाईक आहे.

तो गेल्यावर मी हळू आवाजात विचारलं, "आला का चांगला?"

"व्हय. काल आला." तिने पदराने पोराचं नाक पुसलं. "त्यांनी बघाय पायजे व्हतं."

मी एक वडी पोराच्या हातात दिली. त्याने कोपरा कुरतडला, थोडा विचार केला आणि उरलेली ओली वडी माझ्या तळहातावर परत ठेवली. आई त्याला रागे भरली. मी म्हटलं, राहू दे, आमच्यात चिक्कीला नावं ठेवायची रीतच आहे.

पोराला घेऊन ती निघाली. कुठल्या दिशेला गेली, ते मी बघितलं नाही. पाठ फिरवून उभा राहिलो आणि ती वडी तोंडात टाकली.

गूळ जास्त झाला होता.