दाजी उत्तरं तपासायचे

शर्मिलाला इंग्रजी येत नव्हतं अशातला भाग नाही. तारकर्लीतल्या एका रिसॉर्टच्या काउंटरवर ती चार वर्षं काम करत होती. दिल्लीचे, बंगळूरचे, क्वचित रशियाचे पाहुणे यायचे आणि त्या सगळ्यांशी ती इंग्रजीतून व्यवस्थित बोलायची. तिचं अडायचं ते वाचताना. चारशे-पाचशे शब्दांचा उतारा समोर आला की दुसऱ्या ओळीलाच तिचं मन उठून चालू लागायचं. पंप बंद केला का? अंगणात वाळत घातलेल्या कोळंबीवर कावळे तर बसले नसतील? सात नंबरच्या खोलीतल्या बाईंना टॅक्सी मिळाली का? मग ती पुन्हा पहिल्या ओळीवर यायची, आणि पुन्हा तेच.

पणजीला पर्यटन व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर कोर्स होता. त्याची प्रवेश परीक्षा मार्चमध्ये होती. शंभरातले पंचवीस प्रश्न इंग्रजी उताऱ्यांवर होते आणि बाकीच्या पंचाहत्तरांची तिला फारशी भीती नव्हती. रिसॉर्टमध्ये मॅनेजरची खुर्ची तीनदा रिकामी झाली होती. तिन्ही वेळा बाहेरून कोणीतरी व्यवस्थापनाची पदवी घेतलेला आला आणि त्याला सगळं काम शर्मिलाने शिकवलं. तिसऱ्याच्या वेळी तिने ठरवलं की आता पुरे.

नवरा विनीत मालवाहू बोटीवर फिटर होता, वर्षातले आठ महिने समुद्रात. त्याने फोनवर दे परीक्षा म्हणून सांगितलं, पण फारसा विचार करून सांगितल्यासारखं वाटलं नाही. सासू सुभद्रा मात्र एकदा मासे साफ करताना स्वतःशीच पुटपुटली, “एक दर्यात आसा, आता ही पणजेक चल्ली.”

मदतीला धावले ते सासरे, म्हणजे दाजी. दाजींनी सव्वीस वर्षं बोटीवर काढली होती आणि स्टोअरकीपर म्हणून ते निवृत्त झाले होते. गोव्याहून येणारा इंग्रजी पेपर ते रोज पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचे. सुनेला इंग्रजी वाचायला शिकवायचं तर ते काम आपलंच, असं ते धरून चालले. शर्मिलाने आणलेल्या सरावाच्या पुस्तकात एकशे वीस उतारे होते. दाजींनी मागची उत्तरांची पानं ब्लेडने कापून आपल्या कपाटात ठेवली, म्हणजे तिने डोकावायला नको.

नोव्हेंबरपासून क्रम बसला. चार वाजता शर्मिला कामावरून यायची, चहा घ्यायची आणि पडवीत बसायची. दाजी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून दहा मिनिटं द्यायचे. वेळ संपली की ती मोठ्याने सांगायची, पहिल्याचं बी, दुसऱ्याचं डी. दाजी हातातलं पान बघून बरोबर किंवा चूक म्हणायचे आणि ती वहीत उत्तरापुढे तशी खूण करायची. पाचातली दोन यायची, फार तर तीन. चुकलं की दाजी उतारा स्वतः वाचून दाखवायचे आणि उत्तर कुठल्या ओळीत दडलंय त्यावर बोट ठेवायचे.

डिसेंबरमध्ये एकदम फरक पडला. चार, चार, पाच, चार. दाजींनी उतारा वाचून दाखवणं सोडून दिलं होतं. तुझं तुला जमायला लागलं, आता माझी गरज नाही, असं ते म्हणाले. शर्मिलाला तेव्हा ते खरंच वाटलं. आपल्याला उताऱ्याची नस सापडली, या आनंदात ती भराभर वाचू लागली. ओळींवरून नजर टाकायची, प्रश्न बघायचा आणि जे मनात येईल ते ठामपणे सांगायचं. रिसॉर्टमधल्या भक्तीला तिने सांगूनही टाकलं की जूनपासून तू एकटीच काउंटर सांभाळ.

त्या दिवसांत घरात इतर काही गोष्टी घडत होत्या, पण तिकडे कोणाचं नीट लक्ष नव्हतं. दाजींच्या उजव्या बाजूला ठेवलेला पाण्याचा तांब्या दोनदा कलंडला. पेपर यायचा, उघडला जायचा आणि लवकरच घडी घालून बाजूला पडायचा. दाजी दुपारचं झोपत नव्हते, विहिरीपासून फाटकापर्यंत फेऱ्या मारत राहायचे. सुभद्रेने विचारलं तर चष्म्याचा नंबर बदललाय म्हणायचे.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी कुडाळला सराव परीक्षा होती, खऱ्यासारखीच, कॉम्प्युटरवर. शर्मिला खात्रीने गेली. पेपर संपल्यावर पडद्यावर गुण आले. इंग्रजी उताऱ्यांत पंचवीसपैकी सहा.

ती एसटी स्टँडवर दोन गाड्या सोडून बसून राहिली. घरी आली तेव्हा दाजी देवळात गेले होते. तिने कपाट उघडलं, कापलेली पानं काढली आणि वही समोर घेऊन एकेक उत्तर ताडून बघितलं. नोव्हेंबरच्या खुणा सगळ्या जुळत होत्या. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून मात्र गोंधळ होता. जिथे बरोबरची खूण, तिथलं निम्म्याहून जास्त चूक. आणि काही ठिकाणी तिने खरं उत्तर दिलं होतं तर दाजींनी चूक म्हटलं होतं.

पहिला विचार मनात आला तो वाईट होता. सुभद्रेला ती जायला नको आहे. दाजींनाही नको असेल, फक्त तोंडावर म्हणवत नसेल. खोटं सांगून तिला फुगवायचं, मग परीक्षेत आपोआप पडेल आणि घरातच राहील. दोन दिवस ती दाजींशी बोलली नाही. चार वाजता पुस्तक घेऊन बसली नाही. स्वयंपाकघरात भांडी आपटली, काउंटरवर एका पाहुण्याला चुकीच्या खोलीची किल्ली दिली. दाजी पडवीत चारला येऊन बसायचे आणि साडेचारला उठून जायचे.

तिसऱ्या दिवशी ती उत्तरांचं पान घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

“ह्या वाचा,” ती म्हणाली. “पयली ओळ.”

दाजींनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाला पुसला, परत लावला. नंबरचं कारण त्यांनी पुन्हा सांगितलं. शर्मिलाने मग पुस्तकाचं मुखपृष्ठ समोर धरलं. त्यावरची अक्षरं अंगठ्याएवढी होती.

दाजींनी ते हातात घेऊन लांब धरलं, जवळ आणलं. मग हळूच बोलले.

“माका दिसता सगळा. काळी काळी अक्षरां दिसतत. पण ती काय सांगतत ता कळत नाय. शांघायच्या बंदरात पाटी बघल्यावर कसा वाटायचा, तसा.”

“मराठी पण?”

“मराठी पण.”

दत्तजयंतीच्या आधी दोन दिवस, सकाळी पेपर उघडला तेव्हापासून असं झालं, ते म्हणाले. आदल्या दिवशी वाचता येत होतं आणि त्या दिवशी नाही. डोकं थोडं दुखत होतं, एवढंच. शर्मिला त्यांच्या शेजारी खाली बसली. दोन दिवसांचा राग कुठे ठेवायचा तेच तिला कळेना.

“मगे बरोबर-चूक तुमी कशावरसून सांगलात?”

“तुझ्या आवाजावरसून,” दाजी म्हणाले. “तू खात्रीन बोललंस की बरोबर. जरा अडाकलंस की चूक.”

“माका सांगूक काय झाला होता?”

“सांगलंय तर तू दुसऱ्या कोणाकडे जातलंस, असा वाटला.”

तिला अजून पुरता विश्वास बसत नव्हता. तिने वही आणि पेन त्यांच्या हातात दिलं आणि काहीतरी लिहायला सांगितलं. दाजींनी न थांबता लिहिलं. स्वतःचं नाव, त्याखाली शेवटच्या बोटीचं नाव, ती बोट कोणत्या साली कुठे बांधली ते, सगळं तिरप्या, वळणदार इंग्रजी अक्षरात. एकही चूक नव्हती. शर्मिलाने वही घेतली, मिटली, परत उघडून त्यांच्यासमोर धरली आणि हे काय लिहिलंय म्हणून विचारलं.

दाजींनी स्वतःच्याच अक्षराकडे पाहिलं. त्यांनी वही तिच्याकडे परत सरकवली.

“तूच सांग,” ते म्हणाले.

परीक्षा होऊ दे, मग डॉक्टरकडे जाऊ, तोवर सुभद्रेला काही बोलू नकोस, अशी त्यांनी विनवणी केली. शर्मिलाने ती ऐकली नाही. संध्याकाळीच तिने सासूला सगळं सांगितलं. सुभद्रा आधी दाजींवर चिडली, मग शर्मिलावर. रोज तासभर समोरासमोर बसत होतात, दोघांतल्या एकालाही दुसरा दिसला नाही का, असं तिने विचारलं. तो प्रश्न शर्मिलाला त्यानंतर बरेच दिवस टोचत राहिला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गणपतच्या गाडीतून त्यांनी दाजींना गोव्यात मोठ्या इस्पितळात नेलं. मेंदूच्या मागच्या डाव्या भागात एक बारीक रक्तवाहिनी बंद झाली होती. त्यामुळे उजवीकडचं दिसणं कमी झालं होतं आणि वाचन गेलं होतं. बोलणं, लिहिणं, समजणं शाबूत होतं. दुसरा झटका आला असता तर एवढ्यावर भागलं नसतं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या. वाचन पूर्ण परत येईलच असं नाही, पण एकेक अक्षर ओळखायचा सराव करत राहा, असं त्या म्हणाल्या.

पाच दिवस इस्पितळात गेले. शर्मिलाने पुस्तक बरोबर नेलं होतं, पण बाकड्यावर बसून ती एकच पान उघडायची आणि मिटायची. विनीतचा फोन आला तेव्हा त्याची बोट आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ कुठेतरी होती, आवाज तुटत होता. त्याने आधी वडिलांची चौकशी केली आणि मग म्हणाला, ह्या वर्षी परीक्षा राहू दे, पुढच्या वर्षी बघू. शर्मिला बघते म्हणाली. फोन ठेवल्यावर ती इस्पितळाच्या गच्चीवर गेली आणि उगाचच तीन-चार चकरा मारून खाली आली. वडिलांच्या काळजीने तो बोलला हे तिला कळत होतं. पण पुढच्या वर्षीही कोणाचं ना कोणाचं काहीतरी असणारच, हेही कळत होतं.

घरी आल्यावर एक दिवस चार वाजता सुभद्रा ओले हात पदराला पुसत पडवीत आली. तिने उत्तरांची पानं उचलली.

“माका ए बी सी डी येता,” ती म्हणाली. “सातवीपर्यंत होतंय. सांग.”

सुभद्रेला उताऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं. शर्मिला कितीही खात्रीने बोलली तरी पानावर दुसरं अक्षर असलं की ती सरळ चूक म्हणायची आणि पुढच्या प्रश्नावर जायची. पहिल्या दिवशी पाचातलं एक बरोबर आलं, दुसऱ्या दिवशी दोन. शर्मिलाला रडू यायचं. परीक्षेला पाच आठवडे उरले होते.

दाजींनी मग एक गोष्ट सुचवली. उतारा मनात वाचू नको, मला वाचून दाखव. मलाही काहीतरी ऐकायला मिळेल, पेपर वाचणं तर गेलंच आहे. तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि तिच्या लक्षात आलं की मोठ्याने वाचताना पळता येत नाही. प्रत्येक शब्द तोंडातून जावा लागतो. एक परिच्छेद संपला की दाजी तिला थांबवायचे आणि हा माणूस काय म्हणतोय ते मालवणीत सांगायला लावायचे. तिला सांगता आलं नाही की पुन्हा वाचायचं. दाजी डोळे मिटून ऐकायचे. त्यांना एकदा ऐकलेलं शेवटपर्यंत लक्षात राहायचं.

एकदा दीपगृहांवरचा उतारा होता. आता दिवे आपोआप चालतात, रखवालदारांची गरज उरली नाही, असं काहीतरी. लेखकाचा सूर कसा आहे, असा प्रश्न होता. शर्मिलाने रागाचा म्हणून सांगितलं.

“तो रागावूक नाय,” दाजी म्हणाले. “रागावलेलो माणूस इतक्या सावकाश सांगना नाय. तो थकलोहा. आपल्या हातात काय नाय, ता त्याका कळलाहा.”

सुभद्रेने पान पाहिलं. दाजींचं बरोबर होतं. शर्मिलाने तो उतारा त्या दिवशी आणखी दोनदा वाचला. राग तिचा होता, लेखकाचा नव्हता, आणि ती आजवर प्रत्येक उताऱ्यात स्वतःलाच वाचत आली होती, हे तिला तेव्हा कळलं. घाई कमी झाली असं नाही. पायाचा अंगठा सारखा हलत असायचाच. पण नजर ओळीवर राहू लागली.

मार्चमध्ये पणजीला परीक्षा झाली. परीक्षेच्या हॉलमध्ये मोठ्याने वाचायची सोय नव्हती, म्हणून ती ओठ हलवत वाचत होती. पर्यवेक्षकाने दोनदा वळून पाहिलं. शेवटचा उतारा वेळेअभावी राहिला. निकालात पंचवीसपैकी पंधरा आले. पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं. जूनच्या मध्यावर दुसरी यादी लागली आणि त्यात खालून चौथं नाव तिचं होतं. प्रवेश घ्यायला चार दिवस होते.

त्या चार दिवसांत तिला जेवण गोड लागलं नाही. दाजींना आता सावकाश, अक्षराला अक्षर जोडून एखादा शब्द लागायचा, पण तेवढ्यानेच ते दमून जायचे. रात्री त्यांना काही झालं तर सुभद्रा एकटी काय करणार? विनीत ऑगस्टमध्ये उतरणार होता. तो यायची वाट बघावी असं त्याचं म्हणणं होतं. प्रवेश ऑगस्टपर्यंत थांबणार नव्हता.

सुभद्रा तिला जा म्हणाली नाही, राहा म्हणाली नाही. फक्त गणपतच्या घरी जाऊन आली आणि रात्री-अपरात्री हाक मारली तर गाडी काढायची, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. त्याच संध्याकाळी शर्मिलाने विनीतला फोन लावला.

“मी जातंय,” ती म्हणाली. “इचारूक फोन करूक नाय. सांगूक केलाहा.”

पलीकडून, इंजिनाच्या घरघरीत, विनीतने दाजींच्या गोळ्यांची नावं विचारली आणि लिहून घेतली.

शर्मिलाचं माहेर दोडामार्गला. आठवडाभर तिथे राहून रोज पणजीला जायचं आणि शनिवारी तारकर्लीला यायचं, असं ठरलं. निघायच्या दिवशी दाजी फाटकापर्यंत आले. तिला वाटेत उलटी होते म्हणून हातात आल्याची वडी दिली आणि पाऊस वाढायच्या आत नीघ म्हणाले.

सोमवारी सकाळी दोडामार्गच्या स्टँडवर गोव्यात कामाला जाणाऱ्यांची गर्दी होती, डबे आणि छत्र्या घेतलेली. सहाची गाडी भरून आली. शर्मिला मागच्या दाराने कशीबशी चढली. बसायला जागा नव्हती. वरची दांडी पकडून ती उभी राहिली, फोन काढला आणि सुभद्रेला सकाळची गोळी दिली का म्हणून विचारलं. दिली, असं उत्तर आलं. गाडी गोव्याच्या हद्दीत शिरली, तरी तिने फोन पिशवीत टाकला नव्हता.