हात चालतात तोवर

थोरल्याने बाक ओढला तेव्हा हाड बसवून घ्यायला आलेला हमाल त्यावर बसलेलाच होता. तो निखळलेल्या मनगटावरच पडला आणि गुरासारखा ओरडला.

"खोली रिकामी करायचीय," थोरला म्हणाला. "गिऱ्हाईक मिळालंय. सगळं घर मोकळं करून द्या म्हणतो."

ताई हमालाला उठवू लागली. वडील हाडं बसवायचे, तेही फुकट. मुलांना त्या कामाचा कंटाळा. शिकली ती मुलगी, ही ताई. तिचं लग्नाचं वय याच खोलीत उलटून गेलं, पण घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. सोय होती ना सगळ्यांची. मरताना वडिलांनी सांगितलं होतं, घर तिघांचं, पण हिचे हात चालतात तोवर पुढची खोली दुखणाईतांची. दोघा भावांनी लगेच माना डोलावल्या होत्या. मरणाऱ्याला शब्द द्यायला काय जातंय?

"आणि तू रे?" तिने धाकट्याला विचारलं.

"मी असाच... दादा म्हणाला चल, म्हणून आलो."

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. वाटा हवाय ना, सरळ सांग."

धाकट्याने खाली बघितलं. तिनेच त्याला कडेवर खेळवून वाढवलं होतं.

थोरल्याने दुसरा बाक भिंतीवर हाणला. ताई आडवी आली, तशी त्याने तिच्या थोबाडीत मारली. ओठ फुटला, रक्त हनुवटीवर आलं. तिने उजव्या हाताने दाराची चौकट घट्ट धरली.

"वडिलांचा शब्द आहे. माझे हात चालताहेत अजून."

हे ती बोलली नसती तर फार बरं झालं असतं. थोरला क्षणभर तिच्या हाताकडे बघत राहिला.

"धर रे हिला," तो म्हणाला. आणि जन्मभर धाकटाच राहिलेल्या त्या माणसाने तिला मागून धरलं. थोरल्याने दार सगळ्या ताकदीनिशी लोटलं. बोटं चौकटीत होती. त्याने दार उघडलं आणि पुन्हा लोटलं.

"आता नाही चालत," तो म्हणाला आणि फोन काढून अंगणात गेला.

ताई किंचाळली, खाली बसली, ओकली. बोटं भलतीकडेच वळली होती. जरा श्वास आल्यावर तिने डाव्या हाताने कोपऱ्यातल्या बांबूच्या पट्ट्या ओढल्या.

"इकडे ये. सूज चढायच्या आत."

"मला नाही येत, ताई. दवाखान्यात जाऊ." धाकटा म्हणाला.

"जाऊ. आधी सरळ कर. टोक धर आणि तुझ्याकडे ओढ. हळू, पण थांबू नकोस."

त्याने ओढलं. हाडावर हाड घासलं. तिने डोकं भिंतीवर आपटलं. ते बघून त्याने बोट सोडलं आणि तो रडायला लागला.

"अर्ध्यावर सोडायचं नाही. माणूस जन्माचा अधू होतो. पुन्हा ओढ."

या वेळी बोट सरळ झालं. ते त्याच्या हाताला कळलं. अंगणात थोरला फोनवर सांगत होता, "हो हो, रिकामी झाली समजा."

हमाल आपलं मनगट सांभाळत जवळ सरकला होता.

"माझं हे बसवतील?"

"बसवेल," ताई म्हणाली. "जरा शिकू दे त्याला."

आणि तिने धाकट्यापुढे दुसरं बोट धरलं.