डाव्या हाताने पाहिलेली फेक

मी हातमोजा बोलतोय. थंडीतला लोकरीचा नव्हे, बेसबॉलचा. जाड चामड्याचा, माणसाच्या पंजाच्या दुप्पट आणि दिसायला जरा बावळटच. खेळाडू मला डाव्या हातात घालतात आणि उडत आलेला चेंडू माझ्यात झेलतात. मार मी खायचा आणि तो चेंडू फेकून टाळ्या मिळवायच्या उजव्या हाताने, अशी आमची वाटणी आहे. तक्रार नाही, पण सांगून ठेवलेलं बरं.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. शिवणाऱ्या बाईंनी माझी वादी इतकी करकचून ओढली की माझी बोटं वळेचनात. दुकानातून मला एका तरुण रंगाऱ्याने आणलं. आठवडाभर तो लोकांच्या घरांना रंग द्यायचा आणि सुट्टीच्या दिवशी मैदानाच्या अगदी टोकाला, कुंपणाजवळ उभा राहून खेळायचा. त्या जागेवरच्या माणसाला लांब फेकावं लागतं. चेंडू उचलायचा आणि शंभर पावलांवरच्या सोबत्याला पोचवायचा. त्याने मला तेल चोळलं, पोटात चेंडू घालून दोरीने बांधलं आणि गादीखाली दडपून ठेवलं. तेव्हा कुठे मी मऊ झालो.

मग एकदा तो शिडीवरून पडला. उजवा खांदा आखडला तो आखडलाच. घरी सांगितलं, "मुका मार आहे." संघात तेवढंही सांगितलं नाही, जागा जाईल म्हणून. हात वर जाईना, तेव्हा त्याने पळवाट काढली. कोपर खालीच ठेवायचं, अंग आधीच समोर वळवायचं, मला हातासकट डावीकडे भिरकावून द्यायचं आणि सगळा जोर कोपरातून काढायचा. चेंडू जायचा मात्र नेमका. लोक म्हणायचे, काय फेक आहे! फेकताना तो दात आवळायचा, ते फक्त मला ऐकू यायचं.

तीन मोसमांनी कोपरही बोलू लागलं. "कामातून वेळच मिळत नाही," असं सगळ्यांना सांगून त्याने मला खुंटीला टांगलं. किती वर्षं माझ्यावर नुसती धूळ बसत होती.

खुंटीवरून मला काढलं त्याच्या मुलीने. तिच्यामुळे मीही त्याला बाबाच म्हणू लागलो. लहानपणी कुंपणाला नाक लावून तिने बाबांचा खेळ पाहिला होता. पहिल्याच दिवशी तिने चेंडू फेकला आणि मी चपापलो. कोपर खाली, अंग आधीच समोर वळलेलं, मी भिरकावलेला. हुबेहूब! बाबांचे जुने सोबती म्हणाले, "पोरगी बापावर गेलीय." बाबांचा आनंद गगनात मावेना. ती फेक म्हणजे खरं तर पळवाट होती, हेच ते त्या कौतुकात विसरून गेले.

आता ती अठ्ठावीस वर्षांची आहे. ग्रंथालयात काम करते आणि बाबांच्याच जागेवर खेळते. या मोसमात मी बघत होतो, ती चहाचा कप डाव्या हाताने उचलायची, केस डाव्या हाताने विंचरायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "झोपेत हात अंगाखाली आला." एके सकाळी तिने बरणी बाबांपुढे सरकवली. "झाकण निघत नाहीये." बाबांनी झाकण काढलं, तिच्या कोपराकडे पाहिलं आणि त्याच दिवशी तिला फिजिओथेरपीच्या बाईंकडे नेलं. पिशवीतून मीही गेलो.

बाईंनी तिची फेक मोबाइलवर टिपली आणि हळू करून दाखवली.

"हे कोपर बघ, खांद्याच्या खाली लोंबतंय. पाय आणि कंबर नुसते बघे. सगळं ओझं इथे." त्यांनी कोपराच्या आतल्या बाजूला बोट टेकवलं, तशी ती कळवळली. "आणखी एक मोसम असाच गेला तर आतला बंध फाटेल. मग चेंडू राहू दे, वरच्या फळीवर पुस्तकसुद्धा ठेवता येणार नाही. कुणी शिकवली ही फेक?"

"बाबांची बघून बघून आली," ती अभिमानाने म्हणाली. "आमच्या घरची आहे ती. ती बदलणार नाही मी. वाटल्यास खेळणं सोडते."

बाबा मला मांडीवर घेऊन स्टुलावर बसले होते. बाई त्यांच्याकडे वळल्या.

"काका, उजवा हात वर करा बघू."

हात खांद्यापर्यंत आला आणि थांबला.

"अजून."

"नाही जात," बाबा म्हणाले. "तेवीस वर्षं झाली. शिडीवरून पडलो तेव्हापासून."

ती बघतच राहिली. "म्हणून माळ्यावर नेहमी मला चढवायचात?"

"हो."

"आणि फेक?"

"वरून जमेना, म्हणून खालून फेकायचो गं. फार दुखायचं. खेळ त्यामुळेच सुटला. पण तू तशी फेकायला लागलीस, लोक म्हणाले बापावर गेली, आणि मला इतकं बरं वाटलं की सांगायचं राहूनच गेलं."

"म्हणजे इतकी वर्षं मी तुमचं दुखणं गिरवतेय, बाबा?"

बाबांनी माझी वादी घट्ट धरली. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांच्याबद्दल वाईटही वाटत होतं.

तीन महिने चेंडूला हात लावायचा नाही, असं ठरलं. घरातल्या बोळात ती टॉवेल हातात धरून नवी फेक गिरवायची आणि बाबा मागे उभे राहून तिच्या कोपराखाली आपला डावा तळवा धरायचे. "खाली नको. वर. आणखी वर." पहिला आठवडा ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली. दुसऱ्या आठवड्यात म्हणाली, "हात भरून आला असेल तुमचा, बसा जरा." त्या दिवशी मला हायसं वाटलं.

नव्या फेकीत मला भिरकावत नाहीत. आधी समोर धरतात आणि मग छातीशी ओढून घेतात. या वयात माझे इतके लाड होतील असं वाटलं नव्हतं.

मी आता जुना झालोय. शिवण दोन ठिकाणी उसवलीय. एकच विनंती करतो. घरातलं लेकरू तुमच्यासारखं करू लागलं, तर कौतुकाने फुलून जा, पण तुम्हाला कुठे दुखायचं तेही त्याला सांगा. मला ते सारं ठाऊक होतं, पण मला तोंड नाही.

काल ती पुन्हा मैदानात उतरली. चेंडू थेट कुंपणाशी आला. तिने छोटी उडी घेतली, कोपर खांद्याच्या रेषेत आलं, मला छातीशी ओढलं आणि चेंडू सुटला. एका पावलाने उशीर झाला, समोरच्या संघातला धावणारा चेंडूच्या आधी पोचला.

कुंपणापलीकडे बाबांचा सोबती म्हणाला, "तुझ्यासारखी नाही राहिली रे फेक आता."

"नाही ना?" बाबा खूश होऊन म्हणाले, आणि सगळं मैदान वळून बघेल इतक्या जोरात ओरडले, "दुखलं का गं?"

तिने उजवा हात सरळ डोक्यावर, जाईल तितका उंच केला आणि बाबांना नीट दिसेपर्यंत तसाच धरला.