शनिवारच्या शर्टाची सतरंजी

मी एक जुनी सतरंजी आहे, मित्रांनो. खरं म्हणजे होते. आता मी चार सतरंज्या आहे. एक सशाखाली आहे, एक धुण्यात, एक वाळत पडली आहे, आणि तुमच्याशी बोलणारी ही चौथी, निळ्या पट्ट्यांची. मी कुठे आहे ते सावकाश सांगते.

माझा जन्म अमेरिकेतल्या मिशिगनच्या उत्तर टोकाला, सरोवराकाठच्या एका लाकडी घरात झाला. इथे वसलेल्या फिनलंडच्या लोकांच्या घरांमध्ये जुना कपडा टाकून देत नाहीत. त्याच्या पट्ट्या फाडतात आणि मागावर विणतात. माझी मालकीण आयली. ती शाळेत स्वयंपाकीण होती आणि तिचा नवरा अर्वो लाकडाच्या गिरणीत कामाला होता. अर्वो गेला त्या हिवाळ्यात तिने त्याचे सगळे शर्ट फाडायला घेतले. लाल-काळ्या चौकड्यांचे कामाचे शर्ट तिने भराभर फाडले. एक निळा मात्र तीन दिवस खुर्चीच्या पाठीवर तसाच लटकत होता. शनिवारी सौना, म्हणजे वाफेच्या स्नानाची लाकडी खोली, तापायचा, त्यात घाम काढून, अंग धुऊन अर्वो बाहेर आला की हाच शर्ट घालायचा. चौथ्या दिवशी आयलीने तोही फाडला आणि माझ्या मधोमध विणला.

मी देखणी झाले, हे मी सांगायला नको, पण सांगते. बघायला आलेल्या बायका म्हणाल्या, ‘हिच्यावर पाय ठेवायला जीव होत नाही गं.’ तेच माझ्या नशिबाला आलं. आयलीने मला घडी घालून स्वयंपाकघरातल्या सीडरच्या लाकडाच्या पेटीत ठेवलं. अकरा वर्षं. वर्षातून एकदा ऊन दाखवायची, की पुन्हा आत. सतरंजी म्हणून जन्माला यायचं आणि एकाही पायाची ओळख नसायची, याचं दुःख तुम्हाला कसं कळणार? पायपुसण्यांचासुद्धा मला हेवा वाटायचा.

करमणूक एवढीच, की पेटीचं झाकण म्हणजे शेजारच्या वाइनोची बैठक होती. म्हातारा, एकटा, रोज सकाळी कॉफीला हजर. पेटीतून मला सगळं ऐकू यायचं. चार वर्षांपूर्वी त्याने जत्रेतून एक ससा आणला, तेही असंच ऐकलं.

“हे काय आणलंस?” आयली म्हणाली.

“तुझ्या घरात फार शांतता झालीय. कुणीतरी कुरतडणारं हवं.”

“तू येतोस की रोज.”

“मला दात कुठे उरलेत?”

ससा तपकिरी, आखूड मखमली केसांचा. वेलदोड्याच्या गोड पावाला इथे निसू म्हणतात. रंग अगदी तसाच, म्हणून त्याचं नाव निसू पडलं. आयलीने त्याला जाळीच्या तळाचा पिंजरा आणला, म्हणजे घाण खाली पडेल आणि पिल्लू स्वच्छ राहील. शिवाय ती तो पिंजरा सकाळ-संध्याकाळ साबणाच्या पाण्याने घासायची. आमच्या आयलीची स्वच्छता म्हणजे काय सांगू. वाइनो म्हणायचा, “तुझा ससा शाळेत बसल्यासारखा बसतो. शिंकायलाही हात वर करेल.”

या मार्चमध्ये एके सकाळी तिचा आवाज बदलला. “वाइनो, हा चालत नाही रे. नुसता एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकतोय.” तिने त्याला उताणा करून मांडीवर घेतलं. मागच्या दोन्ही तळपायांचे केस गेले होते. लाल मांस दिसत होतं, आणि उजव्या पायावर फुगलेली खपली होती.

“डांबर आणतो,” वाइनो म्हणाला.

इथे पाइनच्या लाकडातून काढलेलं डांबर लावत नाहीत अशी वस्तू नाही. होडीला, बर्फावर घसरायच्या स्कीच्या फळ्यांना, बुटांना, घोड्याच्या खुरांना, माणसाच्या भेगांनाही. आयलीच्या आईने लावलं, वाइनोच्या बापाने लावलं. शंका यायचं काही कारणच नव्हतं. दोघांनी मिळून प्रेमाने त्या जखमांवर काळा चिकट थर दिला, आणि ससा रात्रभर तो चाटत बसला. दुसऱ्या दिवशी त्याने गवताला तोंड लावलं नाही. पाय सुजून गरम झाला.

आसपासच्या गोठ्यांवर फिरणाऱ्या जनावरांच्या डॉक्टर लोरेन त्या दुपारी आमच्या स्वयंपाकघरात आल्या.

“हे काय लावलंय?”

“डांबर,” आयली म्हणाली.

“घोड्यांना चालतं,” वाइनो पेटीवरून पुटपुटला.

“घोडा तळपाय चाटत नाही. हा चाटतो.” मग त्यांचा आवाज मऊ झाला. “आयली, स्पष्टच सांगते. जखम चिघळलीय. ती हाडापर्यंत गेली तर माझ्या हातात काही नाही. आणि त्याआधी, याच्या पोटात काही गेलं नाही तर हा दोन दिवसही काढणार नाही. सशाचं पोट थांबलं की ससा थांबतो.”

“मी रोज दोनदा पिंजरा घासते हो. एक डाग राहू देत नाही.”

“तेच झालंय. तारांची जाळी, तीही ओली. सशाच्या तळव्याला मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात. या जातीला तर तेही तोकडे. याला मऊ आणि कोरडी जमीन द्या. भिजली की लगेच बदला.”

ज्या स्वच्छतेचा आयलीला आयुष्यभर अभिमान होता, तिनेच या मुक्या जिवाचे पाय खाल्ले होते. मला पेटीत तिची दया आली.

तेल लावून डांबर काढलं गेलं. औषधं आली. जाळी गेली आणि तिच्या जागी टॉवेल आला. पण टॉवेलच्या धाग्यात निसूची नखं अडकली, त्याने हिसका दिला, आणि जखम पुन्हा उघडली. आयली थोडा वेळ टॉवेलवरच्या रक्ताकडे बघत उभी होती म्हणे. मग ती पेटीपाशी आली.

“ऊठ, वाइनो.”

“का?”

“ऊठ म्हटलं ना.”

वाइनोला कळलं. तो उठला, पण झाकणावर हात ठेवून उभा राहिला. “आयली, ती अर्वोची आहे. मी दुसरी कुठून तरी आणतो.”

“दुसरी येईपर्यंत हा ससा कुठे उभा राहणार?”

झाकण उघडलं. माझ्यावर उजेड पडला.

रोज बदलायची, धुवायची, वाळवायची, म्हणजे एकटी अखंड सतरंजी काय कामाची? मला कापावं लागणार होतं. विणलेलं नुसतं कापलं तर उसवतं, म्हणून आयलीने खडूने तीन रेघा आखल्या आणि प्रत्येक रेघेच्या दोन्ही बाजूंना यंत्रावर दुहेरी टीप घातली. मधली रेघ निळ्या पट्ट्यांवरून जात होती. तिने ती पुसली आणि वीतभर सरकवून पुन्हा आखली. मग कात्री चालवली. मित्रांनो, मी शूर आहे असं सांगणार नाही. मी घाबरले होते.

“चारही सारख्या नाही झाल्या,” वाइनो म्हणाला.

“नसू देत.”

आणि त्याच दुपारी, अकरा वर्षांनी, माझ्यावर पाय पडले. चार, छोटे, त्यातले दोन आजारी. गरम होते ते. पहिल्याच तासात निसूने मला ओलं केलं आणि मला किळस आली, खोटं कशाला बोलू. पण तो हलला नाही. त्याने हळूच दोन्ही मागचे पाय टेकवले, आणि भार इकडून तिकडे टाकायचं थांबवलं. तो माझ्यावर उभा राहिला. ते वजन मला अजून आठवतं.

पुढचे दिवस एकसारखे गेले. सकाळी कोमट पाण्यात औषध टाकून पाय बुडवायचे, मग टिपून कोरडे करायचे, घासायचे नाहीत. मलम. सुई नसलेल्या पिचकारीने तोंडाच्या कडेने औषध, आणि दर तीन तासांनी गवताच्या भुकटीची हिरवी पेज. निसूला धरायचं काम वाइनोने मागून घेतलं. तोंडाने कधी चूक कबूल न करणारा तो माणूस ससा मांडीवर घेऊन दोन-दोन तास ताठ बसायचा. पेज त्याच्या दाढीवर उडायची.

“माझ्याकडे बघू नकोस असा,” तो सशाला सांगायचा. “खा. मीही असलंच खातो.”

बाहेर बर्फ असल्याने आम्हा चौघींना वाळवता येत नव्हतं, म्हणून आयलीने रोज सौना तापवायला सुरुवात केली. आम्ही वरच्या फळीवर ऐसपैस पडायचो. वाइनो कुरकुरला, “सतरंज्यांना रोज सौना, आणि मला शनिवारची वाट बघायची.”

पाचव्या दिवशी सकाळी आयलीने मला पिंजऱ्यातून उचललं आणि माझ्यावर तिला टणक, गोल लेंड्या दिसल्या. तिने खिडकी उघडून बर्फातून येणाऱ्या वाइनोला हाक मारली. “पडल्या रे, लेंड्या पडल्या.” नातू झाल्याची बातमीही कुणी इतक्या आनंदाने सांगितली नसेल. त्या दुपारी निसूने स्वतःहून गवताची एक काडी ओढली.

पाय भरून यायला सात आठवडे लागले. उजव्या तळव्यावर अजून टक्कल आहे आणि ते राहणार. आयली रोज त्याला उताणा करून बघते. पिंजरा आताही स्वच्छ असतो, पण ओला नसतो.

मित्रांनो, एवढंच मागते. तुमच्या घरी मुका जीव असेल तर त्याचे तळपाय उलटून बघत जा. तो बोलणार नाही, आणि आपण त्याच्या तोंडाकडेच बघत राहतो. औषध माणसाचं, घोड्याचं नको, त्याचंच, जनावरांच्या डॉक्टरांना विचारून आणा. आणि घरातली चांगली वस्तू पेटीत कोंडू नका. तिलाही कुणीतरी लागतं.

आता मी कुठे आहे ते. निसूला तिघी पुरतात. मेमधल्या एका शनिवारी, उजेड असतानाच, आयली सौनातून मला काखेत घेऊन आली. तिने मला चुलीसमोर, अर्वोच्या खुर्चीपाशी अंथरलं आणि ओल्या अनवाणी पायांनी माझ्यापुढे उभी राहिली. टाचांना भेगा होत्या. मग तिने एक पाय अर्वोच्या शर्टाच्या निळ्या पट्ट्यांवर ठेवला, आणि मागोमाग दुसरा.

तिने पायांची बोटं हलकेच माझ्यात रुतवली.

“अजून ऊब आहे,” ती म्हणाली.