रिकाम्या छातीची फुंकर

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर काचेची उभी नळी, नळीच्या तळाशी पिवळा चेंडू आणि शेजारी फुंकरमहाराज. समोरच्या दमेकऱ्याला ते म्हणायचे, "आतलं सगळं बाहेर टाक. श्वास, काळजी, पाप, राहिलेलं भांडणसुद्धा." मग फुंकायला सांगायचे. चेंडू ढिम्म. महाराज छातीवरून हात फिरवायचे, "आता वरून येणारा श्वास भरून घे," म्हणायचे आणि पुन्हा फुंकायला लावायचे. चेंडू थेट नळीच्या टोकाला. टाळ्याच टाळ्या.

पहिल्या रांगेत एका मुलीचे वडील बसले होते; ती मागे उभी होती. लाकूड कापायच्या कारखान्यात तीस वर्षं भुसा गिळलेला माणूस. आई गेल्यापासून घरात दोघंच, आणि बोलणं आमटीत मीठ कमी आहे का एवढंच. त्यांच्या फुंकरीने चेंडू उडाला त्या दिवसापासून त्यांनी डॉक्टरांनी दिलेला दम्याचा पंप बंद केला होता. आता जिन्यात मध्येच बसत, बुटाची नाडी सुटली म्हणत. पायात चपला असायच्या.

तिने घरी कागदाची नळी आणि कागदाचा गोळा करून पाहिला होता. श्वास पूर्ण सोडून फुंकलं, तर गोळा हलेना. आणि तिला तर साधी सर्दीही नव्हती.

म्हणून आज ती व्यासपीठावर चढली. आधी छाती भरून फुंकली, चेंडू वर. मग महाराजांना हात फिरवायला लावला, श्वास पूर्ण सोडला आणि फुंकली. चेंडू जागचा हलला नाही.

"महाराज, धडधाकट आले होते. तुमचा हात लागला आणि दमा झाला का?"

कुणीतरी फिसकन हसलं. बाकीचे तिच्याकडे रागाने बघत उठले. वडील दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी तिच्याबरोबर दवाखान्यात आले.

श्वास मोजणाऱ्या बाईंनी दोघांना नुसता ऑक्सिजन भरून घ्यायला लावला आणि तो सावकाश सोडायला सांगितला. छातीत आधीच्या हवेतला नायट्रोजन उरलेला असतो; सोडलेल्या श्वासात तो किती, याची पडद्यावरची रेघ आधी सरळ जाते. छातीच्या तळातल्या बारीक नळ्या मिटू लागल्या की वर वळते. मुलीची रेघ अगदी शेवटी वळली. वडिलांची बरीच आधी.

"चेंडूला फक्त जोर कळतो," बाई म्हणाल्या. "नळ्या किती लवकर मिटतात, ते सावकाश सोडलेल्या श्वासात कळतं. पंप सोडू नका."

बाहेरच्या बाकावर वडिलांनी पंप ओढला. मग म्हणाले, "मला थोडं कळत होतं गं. पण तिथे गेलो की दहा जण विचारायचे, आज कसं वाटतंय."

ती नुसती सरकून त्यांना चिकटून बसली.

तेव्हा चमत्कार दिसला की टाळी वाजवण्याआधी विचारा: पहिल्या फुंकरीला छाती भरलेली होती की रिकामी? आणि घरी कुणी जिन्यात थांबत असेल, तर त्याला कसं वाटतंय तेही विचारा. आपण विचारलं नाही, तर महाराज विचारतात.